घरपट्टीतली शाळा

"मुलगा कॉलेजला गेला की तुम्हीही घर विकणार असाल, नाही का?"

शेजारच्या आजींनी हे अगदी सहज विचारलं. जूनमधली संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार म्हणून मी डबे रस्त्याकडेला ओढत होते आणि त्या कुंपणापाशी गुलाबाच्या सुकलेल्या कळ्या छाटत होत्या. आमच्या हिरवळीवर शाळेची पाटी रोवलेली होती. तिच्यावर बुलडॉगचं चित्र, मुलाचं नाव आणि शाळा पास होण्याचं वर्ष. त्या पाटीकडे बघूनच त्यांना ते सुचलं असणार. आवाजात तक्रार नव्हती, टोमणा तर मुळीच नव्हता. "या रस्त्यावर असंच होतं," त्या म्हणाल्या, "मुलं बालवाडीला आली की कुटुंबं येतात, शाळा संपली की जातात. मी आता नावं पाठ करायचं सोडून दिलंय." मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. तेही खरंच होतं. नवरा कधीपासून नॉर्थ कॅरोलायनातली घरं फोनवर बघतो, मी त्याच्या खांद्यावरून डोकावते, दोघंही काही बोलत नाही. पण त्या रात्री ओटा पुसताना, सकाळी ट्रेनमध्ये बसल्यावर, ते वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं. नावं पाठ करायचं सोडून दिलंय, हे जास्त लागलं.

न्यू जर्सीतल्या एडिसनचा पत्ता मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कुणी ना कुणी नातेवाईक तिथं राहून गेलेला असतोच. मेटचन मात्र सांगावं लागतं. एडिसनच्या ऐन मध्यावर, चारही बाजूंनी एडिसननंच वेढलेलं हे तीन चौरस मैलांहूनही लहान गाव. २०२०च्या जनगणनेत एडिसनची लोकसंख्या १,०७,५८८ भरली आणि मेटचनची १५,०४९. आमच्या घरून कुठल्याही दिशेला निघालं तरी काही मिनिटांत एडिसन लागतं. मेथीची जुडी, कढीपत्ता, गणपतीच्या दिवसांतली दूर्वा, सगळ्यासाठी आम्ही ओक ट्री रोडकडेच जातो. जाताना हद्द कुठं ओलांडली ते कळतसुद्धा नाही. डांबर तेच, मेपल तेच, अंगणातले बास्केटबॉलचे खांब तेच. बदलते ती फक्त मुलांची शाळा. माझी एक मैत्रीण हद्दीच्या पलीकडे राहते. तिची मुलगी आणि माझा मुलगा रविवारच्या मराठी शाळेत शेजारी बसून 'ळ' गिरवायचे आणि सोमवारी सकाळी दोन वेगळ्या गावांच्या दोन वेगळ्या शाळांत जायचे. तिच्याकडे तर गावाच्या आतही एक रेषा आहे. एडिसन हाय की जे. पी. स्टीव्हन्स, कुठल्या हायस्कूलच्या वाट्याला घर येतं यावर त्याची किंमत ठरते. आमच्याकडे त्या वयाची दुसरी सरकारी शाळाच नाही. मॉसमध्ये बालवाडी, पहिली ते चौथी कॅम्पबेल, पाचवी ते आठवी एडगर, मग मेटचन हायस्कूल. सगळी मिळून सव्वादोन हजारांच्या आसपास मुलं. मॉसच्या दारात एकमेकांचे रेनकोट ओढणारी पोरं पुढं बारावीपर्यंत एकमेकांच्या समोर वाढतात. कुणाच्या आईचं ऑपरेशन झालं, कुणाचे आईवडील वेगळे झाले, हे सगळ्यांना माहीत असतं. मला याचा आनंदही वाटायचा आणि कधी कधी जीवही गुदमरायचा.

एवढ्याशा गावाला स्वतःचा मेयर, सहा जणांची कौन्सिल, स्वतःचे पोलीस, स्वतःचं वाचनालय, स्वतःचं शिक्षण मंडळ कशासाठी, हा प्रश्न मला आल्या आल्या पडला होता. त्याचं उत्तरही शाळेतच सापडतं. १८९४ साली न्यू जर्सीत शाळांचा एक कायदा झाला आणि एका टाउनशिपमधल्या, म्हणजे अनेक वस्त्या मिळून झालेल्या मोठ्या गावातल्या, सगळ्या शाळा एकाच मंडळाखाली आल्या. ज्या वस्तीनं आपल्या पैशानं शाळा बांधली होती, तिला आता पलीकडच्या वस्तीच्या शाळेच्या कर्जातही वाटा उचलावा लागणार होता. टाउनशिपमधून फुटून बरो, म्हणजे स्वतंत्र लहान गाव, झालं, तर शाळा आणि तिचा हिशेब आपल्यापाशी राहत होता. मग काय, बर्गन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) त्या एका वर्षात सव्वीस बरो निघाले. राज्यभर इतके निघू लागले, की विधिमंडळाला कायदा बदलून आवर घालावा लागला. मेटचन त्यानंतरचं. २० मार्च १९०० रोजी विधिमंडळाच्या कायद्यानं ते रॅरिटन टाउनशिपमधून वेगळं झालं. उरलेल्या रॅरिटन टाउनशिपनं १९५४ मध्ये थॉमस एडिसनचं नाव घेतलं, कारण मेन्लो पार्कची त्याची प्रयोगशाळा तिथलीच. आज राज्यात ५६४ गावं-शहरं आहेत आणि प्रत्येकाला आपापली कौन्सिल किंवा कमिटी आहे. गोल्फ क्लबभोवती १९२१ साली निघालेल्या टॅव्हिस्टॉक बरोची लोकसंख्या २०२०मध्ये ९ होती. नऊ माणसं. एकत्र येणारी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप २०१३मध्ये एक झाली, त्याच्या बातम्या कितीतरी दिवस येत होत्या.

घरपट्टी मला लहानपणापासून माहीत आहे. माझे वडील कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत वसुली खात्यात कारकून होते. संक्रांत झाली की अण्णांचं जेवण उशिरा होऊ लागायचं आणि मार्च उजाडला की ते घरात असून नसल्यासारखे. पावतीपुस्तक, कार्बन पेपर, थकबाकीदारांची यादी, जप्तीच्या नोटिशी. कार्बनची निळी शाई त्यांच्या अंगठ्याला कायमची लागलेली असायची, रॉकेलनं घासूनही जायची नाही. रात्री ते आकडे सांगायचे आणि मी बेरजा करायची. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, वृक्ष कर आणि शेवटी शिक्षण कर. एकदा मी विचारलं होतं, की हा शिक्षण कर आपल्या शाळेला मिळतो का? अण्णा म्हणाले, "हा आपला नव्हे, सरकारचा. आपण फक्त गोळा करायचा आणि वर भरायचा." वर म्हणजे कुठं ते मला कळलं नव्हतं. मी माडीकडे बघितल्याचं आठवतं.

इथं घरपट्टी चार हप्त्यांत भरायची. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, प्रत्येक महिन्याची पहिली तारीख. देशात सगळ्यांत जास्त घरपट्टी याच राज्याची. २०२४ साली एका घरामागं सरासरी दहा हजार डॉलरच्या वर गेली. अण्णा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा टेबलावरचं बिल त्यांनी चष्मा लावून ओळीनं वाचलं. काउंटी, काउंटीची मोकळी जागा, शाळा, नगरपालिका, वाचनालय. शाळेच्या ओळीवर बोट ठेवून थांबले. "ही एवढी?" राज्यभराची सरासरी काढली तर घरपट्टीतला निम्म्याहून अधिक पैसा शाळांना जातो, हे मी त्यांना सांगितलं. तो सरकारकडे जात नाही, गावातल्या गावातच शिक्षण मंडळाकडे जातो, हेही सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो वसुली कारकूनच विचारू शकतो. "आणि थकबाकी?" त्याचं उत्तर मी टाउन हॉलमध्ये जाऊन विचारून आले होते. काही घरांनी पट्टी भरली नाही तरी शाळेचा आणि काउंटीचा वाटा नगरपालिकेला पूर्णच द्यावा लागतो. जी तूट येईल ती नगरपालिकेनं सोसायची. त्यासाठी अंदाजपत्रकात आधीच रक्कम बाजूला काढून ठेवतात. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आधी शाळा, मग गटार. आमच्याकडे असं असतं तर मी आणखी दहा दारं हिंडलो असतो."

दुसऱ्या दिवशी नातवाला सोडायला ते कॅम्पबेलपर्यंत चालत गेले. इथली बरीच मुलं चालतच शाळेत जातात. कोपऱ्यावर पिवळं जाकीट घातलेल्या बाई हातात थांबा-पाटी धरून उभ्या असतात. त्यांनी अण्णांकडे बघून मान लववली, अण्णांनीही लववली, पुढं रोज लववत राहिले. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "नगरसेवकांची मुलं कुठं जातात?" मी म्हटलं, ज्यांची सरकारी शाळेत आहेत त्यांची याच शाळेत, दुसरी नाहीच. ते ऐकून त्यांनी नुसता हुंकार भरला. त्या हुंकारात काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या गावच्या नगरपालिकेच्या शाळेत मी शिकले. दगडी जोतं, कौलारू छप्पर, पावसात वर्गातल्या चार ठिकाणी ठेवलेल्या बादल्या, आणि कवितेला चाल लावणाऱ्या बाई. डॉक्टरांची मुलगी, कुंभाराचा मुलगा, मामलेदारांची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती. मी कॉलेजला गेले तोवर इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या आल्या होत्या. आधी डॉक्टर गेले, मग व्यापारी, मग शिक्षकांनी स्वतःचीच मुलं काढली. पट घसरत गेला, तुकड्या मोडल्या, एकेका वर्गात दोन इयत्ता बसू लागल्या. आता तिथं राज्यभर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं याची चर्चा चालते, त्या यादीत असल्या कितीतरी शाळा असतील. कुणी गाव सोडलं नव्हतं. घरं होती तिथंच होती, ओसरीवरची माणसं तीच होती. फक्त मुलं सकाळी गाडीत बसून दुसरीकडे जाऊ लागली आणि शाळा कुणाचीच राहिली नाही.

इथं उलटं घडतं. शाळा जागच्या जागी राहते आणि माणसं घर बदलतात. आम्हीही तेच केलं. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असताना नवरा रात्री लॅपटॉपवर शाळांचे गुण आणि घरांच्या किमती शेजारी शेजारी लावून बसायचा, आणि ज्या खिडकीत दोन्ही जमलं त्या खिडकीतलं गाव आम्ही घेतलं. मेन स्ट्रीट बघून घेतलं नाही, स्टेशनजवळची जुनी घरं आवडली म्हणून घेतलं नाही. ते सगळं नंतर आवडलं. पाऊण-एक तासात न्यूयॉर्कला पोचवणारी ट्रेन, शनिवारी स्टेशनच्या अंगाला भरणारा भाजीबाजार, जुन्या लेहाय व्हॅली रेल्वेच्या मार्गावर केलेली पायवाट, मे महिन्याच्या शेवटी मेटचन आणि एडिसन दोघांची मिळून निघणारी मेमोरियल डेची मिरवणूक. पण आलो ते शाळेसाठी. आजींना ते ठाऊक आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक कुटुंबाचं त्यांना ते ठाऊक आहे.

त्या आल्या तेव्हा गाव आजच्यापेक्षा मोठं होतं.

हे मला जनगणनेचे जुने आकडे बघितल्यावर कळलं. १९७०मध्ये मेटचनची लोकसंख्या १६,०३१ होती. १९९०पर्यंत ती १२,८०४वर आली. घरं पडली नव्हती, माणसं पळून गेली नव्हती. मुलं मोठी होऊन निघून गेली आणि चार-पाच मुलांच्या घरांत दोन म्हातारी माणसं उरली. आजींच्या घरात चार मुलं वाढली. समोरच्या घरात पाच होती म्हणे. उन्हाळ्यात सगळ्या रस्त्याची पोरं एका घराच्या मागच्या दारानं शिरायची आणि दुसऱ्याच्या पुढच्या दारानं बाहेर पडायची. मग एकेक करून रस्ता शांत झाला. पुन्हा आवाज आला तो आमच्यासारख्यांबरोबर. मेटचन पुन्हा पंधरा हजारांच्या वर गेलं त्यात नव्या इमारतींचा हात आहे, तसा ओसरीवर रांगोळीचा स्टिकर लावणाऱ्यांचाही आहे. म्हणजे त्यांनी एकदा रस्ता रिकामा होताना बघितलाय. पुन्हा बघायचा नसेल त्यांना. तो प्रश्न कदाचित तिथून आला असेल.

गावात नवी इमारत येणार म्हटलं की सुनावणीला पहिला प्रश्न हाच असतो. शाळेत किती मुलं वाढतील? मी अशा सुनावण्यांना बसले आहे. वास्तुविशारद विटांचा रंग दाखवतो, वाहतुकीचा तज्ज्ञ सकाळी किती गाड्या वळतील ते सांगतो, आणि लोक मायक्रोफोनपाशी रांग लावतात. उत्तर देणारे सहसा रट्गर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेल्या गुणकांवर बोट ठेवतात. एक बेडरूमच्या शंभर फ्लॅटमागं शाळेत जाणारी मुलं अगदी थोडी, तीन-चार बेडरूमच्या घरांमागं कितीतरी जास्त. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसत नाही, पण रस्त्यावर उभं राहून बघितलं तर पटतं. पट वाढतो तो बहुतेक जुन्या घरांतून. एखादे आजीआजोबा घर विकून मुलीकडे जातात आणि त्या घरात पाच आणि सात वर्षांची दोन मुलं येतात. त्याला परवानगी लागत नाही, सुनावणी होत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ आणि १९८३च्या माउंट लॉरेल निकालांपासून प्रत्येक गावाला परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलावा लागतो, त्यामुळं सुनावण्या थांबणारही नाहीत. एका रात्री एक गृहस्थ म्हणाले, की काही लोक फक्त शाळा वापरायला येतात. कोणते लोक ते त्यांनी सांगितलं नाही. खोलीत आमच्यासारखे बरेच जण होते. कुणी मान वळवली नाही. मला बोलायचं होतं, की शाळेसाठी येण्यात वाईट काय आहे, या राज्यातली कितीतरी गावं शाळेसाठीच टाउनशिपमधून फुटली होती. पण माझा नंबर येईपर्यंत ते निघून गेले होते आणि त्यांच्या पाठीमागं बोलायला मला आवडलं नाही. मी आपली क्रॉसिंगच्या दिव्याबद्दल बोलले.

बोलता येत होतं हे मोठंच. मत मात्र देता येत नव्हतं. मुलगा मॉसमध्ये असल्यापासून पुढची कितीतरी वर्षं आम्ही व्हिसावर होतो, मग ग्रीन कार्डच्या रांगेत. भारतात जन्मलेल्यांची ती रांग किती लांब आहे हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. घरपट्टी भरत होतो, बेक सेलला शंकरपाळे करून देत होतो, वर्गात दिवाळी सांगायला जात होतो. नोव्हेंबरात फायरहाऊसकडे मत द्यायला जाणारे शेजारी खिडकीतून दिसायचे. जनगणनेत आम्ही होतो, तिथं माणूस मोजतात, कागद विचारत नाहीत. मतदारयादीत नव्हतो. शिक्षण मंडळावरची माणसं बिनपगारी काम करतात, मेयर कौन्सिलमध्ये बरोबरीची मतं पडली तरच मत देतो, शाळेसाठीची घरपट्टी दोन टक्के वाढीच्या मर्यादेत असली तर नोव्हेंबरात निवडणूक घेणाऱ्या गावांत शाळेच्या अंदाजपत्रकावर मतदानच होत नाही, हे सगळं मी पाठ केलं होतं. नागरिकत्व मिळालं त्या वर्षी मी पहिल्यांदा मत दिलं, आणि मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या शिक्षण मंडळाच्या नावांपाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबले. तोवर मुलगा हायस्कूलला होता. आमच्या गल्लीतली दोन मराठी घरं अजून त्या रांगेत आहेत.

या लहान गावाच्या प्रेमात पडताना मला त्याच्या हद्दीचीही टोचणी लागते. शाळा घरपट्टीवर चालवायची म्हटलं की ज्या गावात महाग घरं तिथं भरलेली शाळा, हे आलंच. इथून अर्ध्या तासाच्या आत न्यू ब्रन्सविक आहे, पर्थ अँबॉय आहे. तिथंही मराठी नसली तरी मुलं आहेत, आणि त्यांचे आईवडीलही सकाळी डबे भरतात. या राज्याच्या घटनेत १८७५पासून लिहिलेलं आहे, की सगळ्या मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम मोफत शाळा चालवायच्या. १९७३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं रॉबिन्सन विरुद्ध काहिल खटल्यात सांगितलं, की घरपट्टीवर एवढा भार टाकून ते होत नाही. विधिमंडळ पैसे उभे करीना, तेव्हा जुलै १९७६मध्ये न्यायालयानं राज्यभरातल्या सरकारी शाळांचा खर्चच थांबवला. आठवडाभर शाळा बंद. त्या धक्क्यानं न्यू जर्सीत पहिल्यांदा कायमचा आयकर आला. पुढं अ‍ॅबट विरुद्ध बर्क खटल्यानं एकतीस गरीब शाळा-जिल्ह्यांना, म्हणजे एकेका शिक्षण मंडळाच्या हद्दींना, राज्याचा जास्त पैसा मिळवून दिला, त्यात न्यू ब्रन्सविक आणि पर्थ अँबॉय आहेत. मला हे वाचताना अण्णांचा 'वर भरायचा' शिक्षण कर आठवला. वर गेलेला पैसा खाली कुठल्या शाळेत उतरतो यावरच सगळं असतं. गावचा पैसा गावात राहिला तर गावकरी शाळेकडे डोळ्यांत तेल घालून बघतात, पण शेजारच्या गावाकडे बघत नाहीत. वर गेला तर सगळ्यांना वाटता येतो, पण कुणीच बघत नाही. दोन्ही मी जवळून बघितलंय. मला दोन्हीतलं चांगलं हवं आहे, आणि ते मागणं फार आहे असं मला वाटत नाही.

नवऱ्याचा हिशेब सरळ आहे. मुलगा गेला, शाळेची ओळ आता आपल्यासाठी नाही, तेवढ्याच पैशांत तिकडे मोठं अंगण येईल. हिशेब चुकीचा नाही. या राज्यातले कितीतरी जण तो करतात. म्हाताऱ्यांनी जाऊ नये म्हणून सरकार धडपडतं. म्हाताऱ्यांना घरपट्टीतली वाढ परत देणारी सीनियर फ्रीझ योजना आहे, आणि २०२३च्या कायद्यानं आलेल्या स्टे एनजे योजनेत पासष्टीच्या पुढच्या घरमालकांना साडेसहा हजार डॉलरपर्यंत घरपट्टीचा निम्मा भाग परत द्यायचं ठरलं होतं. आम्ही काही अजून त्या वयाचे नाही. पण मी आजींकडे बघते. त्यांच्या धाकट्याची शाळा संपली त्याला कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी त्या शाळेची ओळ भरत आल्या आहेत. त्यातली काही वर्षं माझ्या मुलाची होती. त्याचा सायन्स फेअरचा ज्वालामुखी, बँडमधली ट्रम्पेट, वाचायला अडखळायचा तेव्हा आठवड्यातून तीनदा त्याला वेगळं बसवून शिकवणाऱ्या बाई. त्या बाईंचा पगार आजींच्याही पैशातून होत होता, आणि मी आजींना कधी भेटवस्तूचा डबा दिला तो नाताळचा म्हणून दिला. दुसरीकडे हेही खरं, की आम्ही इथंच बसून राहिलो तर एक घर कमी होतं, आणि भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये लॅपटॉप उघडून बसलेलं कुठलं तरी जोडपं पुढच्या गावाकडे सरकतं. राहणं म्हणजे सगळं पुण्यच, असंही नाही. नवऱ्याला मी हे दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, मग उत्तर काय? मी म्हटलं, निदान पुढची काही वर्षं ती ओळ भरूया, कुणासाठी ते माहीत नसताना. तो लगेच हो म्हणाला नाही. पण नॉर्थ कॅरोलायनाचं पान त्यानं मिटलं, आणि ऑगस्टचा हप्ता भरताना मला हाक मारून आकडा दाखवला.

आजींना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण मग तुमचं नाव नीट सांगा, मी इतकी वर्षं अर्धंच म्हणतेय." मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं.

नोव्हेंबरात शिक्षण मंडळाची निवडणूक आहे. उभ्या राहिलेल्यांपैकी दोघी जणी एका संध्याकाळी आमच्याकडे यायला तयार झाल्या आहेत. आजी येणार आहेत, त्यांना बालवाडीच्या पटाबद्दल विचारायचं आहे. गल्लीतल्या त्या दोन मराठी घरांनाही मी बोलावलंय. मतपत्रिका त्यांना मिळणार नाही, पण प्रश्न विचारायला ती लागत नाही. त्यातल्या एकीची मुलगी यंदा मॉसमध्ये गेली आहे. तिनं आत्ताच कागदावर चार प्रश्न लिहून मला फोटो पाठवलाय. पहिलाच प्रश्न आहे, पावसात मुलांना दाराबाहेर किती वेळ उभं करतात.